रेषेवरचा बूट

सोलापुरात बास्केटबॉलची पंचगिरी करायची तर शिट्टी नंतर लागते, आधी जाड कातडी लागते. मी एरवी विम्याच्या कार्यालयात बसते आणि शाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या की रजा टाकून मैदानावर उभी राहते. नवरा म्हणतो, "तक्रारी ऐकायला ऑफिसातली माणसं पुरत नाहीत का तुला?" नाही पुरत. ऑफिसातला माणूस खुर्चीवर बसून तक्रार करतो. आमचा कोच तक्रार करताना दोन्ही पायांनी हवेत असतो.

आणि काय एकेक नमुने! एक सर मोबाईलवर अमेरिकेतले सामने बघतात आणि तिथले नियम आमच्या नववीच्या पोरांना लावा म्हणतात. "मॅडम, तिकडं हे चालतंय की!" मी म्हणते, "मग संघ तिकडंच न्या की सर." मंद्रूपकडचे एक गुरुजी मुळातले कबड्डीचे. शाळेत खेळाचा शिक्षक एकच, म्हणून बास्केटबॉलही त्यांच्याच गळ्यात. त्यांनी एकदा माझ्याकडे कबड्डीतला बोनस गुण मागितला. बास्केटबॉलमध्ये बोनस नसतो असं मी म्हटल्यावर त्यांनी इतक्या कळकळीने हुज्जत घातली, की मला वाटलं, बिचाऱ्यांना देऊन टाकावा एखादा.

हे सगळे मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगते. भांडणाशिवाय सामना म्हणजे शेंगाचटणीशिवाय भाकरी, पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही. पण आवडतात म्हणून मी कुणाला सोडत नाही. पंचाशी मर्यादा सोडून वाद घालणाऱ्या कोचसाठी 'टेक्निकल' नावाची शिक्षा आहे. शिट्टी वाजवायची, एक तळवा आडवा, दुसरा हात त्याला खालून उभा लावायचा, इंग्रजी टी अक्षर करायचं. मग समोरच्या संघाला एक फ्री थ्रो मिळतो. कुणी अडवायचं नाही, उभं राहून निवांत चेंडू टाकायचा, बसला तर एक गुण. माझा हा टी जिल्ह्यात कुप्रसिद्ध आहे. मी तो सख्ख्या दिराला दिलाय आणि त्याच दिवाळीत त्याच्या घरी जाऊन चकल्याही खाल्ल्यात.

फक्त एका माणसापुढे माझे हात वर जात नसत. ते म्हणजे माझे सर.

सर दुधनीचे, मीही दुधनीची. वडिलांचं तिथे अडत दुकान. मी सातवीत असताना सर दुकानात येऊन धान्याच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, पोरीला खेळायला पाठवा. वडील कानडीत म्हणाले, मुलगी हाफ पँट घालून चारचौघांत उड्या मारणार नाही. सर म्हणाले, "मालक, तुमच्या पोरीच्या हातात चेंडू नीट बसतोय. ते माझ्या हातात न्हाय, तुमच्याबी न्हाय." आणि बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, गेलं, हमाल जेवून आले, सर पोत्यावरच. शेवटी वडील म्हणाले, घेऊन जा बाबा, माझं पोतं मोकळं कर. माझं सगळं पुढचं आयुष्य, म्हणजे खेळ, नोकरी, ही शिट्टी, त्या पोत्यावरून सुरू झालं. सर मला वडिलांइतके प्रिय आहेत आणि वडिलांपेक्षा कितीतरी जास्त त्यांची भीती वाटते.

सरांनी आम्हाला खेळाआधी नियम शिकवले. पंचाशी वाद घातला की मैदानाला फेऱ्या. त्यांचं एक वाक्य आमच्या सगळ्या तुकड्यांना पाठ होतं: "पंच म्हणाला पाऊस पडतोय, तर छत्री उघडायची." सर स्वतःही तसेच. इतक्या वर्षांच्या कोचगिरीत त्यांना एकही टेक्निकल नाही. जिल्ह्यात असा दुसरा कोच नाही, आणि शिबिरात सर ते अभिमानाने सांगत. म्हणजे तसं बघितलं तर मला घाबरायचं कारणच नव्हतं. पण पंच म्हणून सरांच्या बेंचसमोरून धावायचं, त्यांच्या पोरींविरुद्ध शिट्टी वाजवायची, ही कल्पनाच मला सहन होत नसे. म्हणून सरांच्या संघाचा सामना माझ्या वाट्याला आला की मी तो कुणाशी तरी बदलून घ्यायची.

मुलींच्या जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मात्र ती सोय राहिली नाही. आमच्याकडचे जवळजवळ सगळे पंच हेच कुठल्या ना कुठल्या शाळेचे कोच. सकाळी शिट्टी, दुपारी बेंच. अंतिम सामन्यात एका बाजूला दुधनीच्या मुली, दुसऱ्या बाजूला शहरातली एक शाळा, आणि हरलेल्या शाळांचे कोच तर आदल्याच दिवशी एकमेकांशी इतके भांडलेले, की त्यांना कुणी पंच म्हणून घेईना. कुठल्याच शाळेची नसलेली अशी मी उरले आणि बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला जाणार. सरांचा संघ तिथवर कधीच पोचला नव्हता. तेव्हा त्या दुपारी माझ्यापुढे प्रश्न एकच होता: वेळ आली तर सरांविरुद्ध शिट्टी वाजेल का?

शहरातल्या शाळेचा कोच म्हणजे एक तरुण पोरगा. विणकरांच्या वस्तीतला, घरी तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी. उन्हाळी शिबिरात मीच त्याला शिकवलेलं. माझा गुरू एकीकडे, माझा चेला दुसरीकडे, मध्ये मी आणि डोक्यावर सोलापूरचं ऊन.

सामन्याआधी आमच्याकडे एक विधी असतो. शाळेचं सिमेंटचं मैदान एकच, त्यावर कबड्डीच्या रेषा, व्हॉलीबॉलच्या रेषा आणि बास्केटबॉलच्या दोन पिढ्यांच्या. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, जवळून दोन. ती तीन गुणांची रेषा नियम बदलल्यावर मागे सरकली. शाळेने नवी पिवळी रेषा काढून घेतली, पण जुनी पांढरी पुसायची राहिली. त्यामुळे पंच दोन्ही कोचना घेऊन मैदानाला एक चक्कर मारतो, प्रत्येक रेषेवर पाय ठेवतो आणि विचारतो, "ही धरायची?" दोघं म्हणतात, "ही धरायची." लग्नातल्या सप्तपदीत एवढं गांभीर्य नसतं. पिवळी धरायची, पांढरी सोडायची, हे ठरलं. पिवळ्या रेषेवर बूट टेकलेला असेल तर दोनच गुण, तीनला पूर्ण बाहेर हवं, हेही मी वदवून घेतलं. सर माझ्या मागून चालत होते. माझ्या पाठीला घाम फुटला होता.

चक्कर मैदानाच्या मधल्या वर्तुळात संपली. तिथे पंचाने कोचशी हात मिळवायचा असतो. सरांनी हात पुढे केला. आणि माझा हात, त्या माझ्या जिल्हाप्रसिद्ध हातांपैकी उजवा, सरांच्या हाताला चुकवून थेट खाली गेला. मी वाकून सरांच्या पाया पडले. काळीपांढरी पंचाची जर्सी घालून, गळ्यात शिट्टी, भर मैदानात.

"ब्याड, ब्याड!" सर दचकून कानडीत म्हणाले, नको, नको. प्रेक्षकांत हशा पिकला. माझा चेला कमरेवर हात ठेवून उभा.

"मॅडम, हे चालत न्हाय की. सामना सुरू व्हायच्या आदीच पंच एका कोचच्या पायावर? मग आमचं काय?"

"नियमात कुठे लिहिलंय पाया पडू नये म्हणून?"

"पडावं असंबी कुटं लिवलंय? समान न्याय पाहिजे. दोगांना हात, न्हायतर दोगांचे पाय!"

मी फटकळ आहे, मागचापुढचा विचार माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, ठीक. आणि त्याच्या बुटांकडे वाकले. तो विंचू दिसल्यासारखा मागे उडाला. "अवं मॅडम! पाप लावताव का?" असं म्हणत त्यानेच खाली लोळण घेऊन माझे पाय धरले. मग त्याला सरांचेही धरावेसे वाटले, म्हणजे सर आमच्या दोघांचे गुरू झाले. बँकेतले साहेब माझ्याहून वडील, तेव्हा त्यांना सोडणं बरं दिसेना. एकूण सगळे एकमेकांच्या पाया पडून झाल्यावर, बऱ्याच उशिरा, चेंडू वर उडाला.

सामना फार रंगला. दुधनीच्या पोरी वाऱ्यासारख्या धावत होत्या, एकमेकींना कानडीत हाका मारत होत्या. शहरातल्या पोरी उंच आणि डोक्याने खेळणाऱ्या. माझी शिट्टी शहराच्या पोरींवर खणखणीत वाजत होती, दुधनीच्या पोरींवर जरा आजारी माणसासारखी. पण वाजत होती. मला वाटलं, निभावलं.

शेवटी घड्याळात थोडेच सेकंद उरले आणि दुधनी दोन गुणांनी मागे. चेंडू दुधनीच्या एका शिडशिडीत मुलीच्या हातात आला. ती पिवळ्या रेषेपाशी थांबली, उडाली आणि फेकला. मी तिच्या शेजारीच होते. उडण्याआधी तिच्या बुटाचं टोक पिवळ्या रेषेवर होतं, हे मला लख्ख दिसलं. चेंडू जाळीतून सुर्रकन खाली आला. दोन गुण. बरोबरी.

आणि मी दोन्ही हात तीन बोटांसकट आभाळात फेकले. तीन!

का फेकले, देवाला ठाऊक. दुधनीच्या पोरी किंचाळत नाचत होत्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून सर उठून उभे राहिलेले दिसले, आणि डोळ्यांनी पाहिलेलं हातांपर्यंत पोचलंच नाही. दुधनी एका गुणाने पुढे.

माझा चेला उड्या मारत आला. "मॅडम! लायनीवर बूट! तुमी तितंच हुता की!"

"तीन."

"लायनीवर—"

"टेक्निकल पाहिजे का?" त्याच्यासाठी माझे हात लगेच तयार. तो तोंड दाबून मागे गेला.

माझ्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं, "दोन."

मी वळले. सर होते. कोचने बेंचपाशी थांबायचं असतं, ते मैदानाच्या आत आले होते.

"काय सर?"

"दोनच हायत. बूट रेषेवर हुता."

विरुद्ध बाजूचा कोच भांडतो, हे मी रोज बघते. आपलाच गुण कापा म्हणून भांडणारा कोच मी पहिल्यांदाच बघत होते. दुधनीची कॅप्टन धावत आली. "सर, गप बसा की! आपलेच तीन हायत!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, बूट तिच्या मोठ्या बहिणीचा हाय. टोकात कापूस भरलाय. बूट रेषेवर असंल, पण पाय आत लई आखूड हाय!" नियमात बूट धरतात, आतला पाय कुणी मोजत नाही. तरी हा मुद्दा मला इतका आवडला, की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते.

"सर, बेंचवर बसा ना," मी म्हणाले.

"बसत न्हाय. दोन कर."

ते करता येत नव्हतं. पंचाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून दिलेला गुण कोचच्या सांगण्यावरून फिरवत नाहीत. आज सरांसाठी फिरवला तर उद्या कबड्डीवाले गुरुजी बोनस घेतल्याशिवाय घरी जाणार नाहीत. सरांनीच मला हे शिकवलेलं. मी साहेबांकडे मदतीसाठी बघितलं. ते पलीकडच्या कडेला बुटाची नाडी बांधत होते, फार मन लावून.

"सर, तुम्हीच सांगायचात, पंच म्हणाला पाऊस पडतोय—"

"व्हय. पण पंचानं एकदा वर बघून म्हणावं की!"

सगळं मैदान हसलं. सर हसले नाहीत. ते चालत गेले आणि जिथून पोरीने चेंडू फेकला तिथेच पिवळ्या रेषेवर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या कुठल्याही कोचला मी पहिल्याच पावलाला टी दाखवला असता. इथे मी हात जोडत होते. "सर, प्लीज. सर, बाहेर या. सर, लोक बघतायत."

"बघू देत. नोडव्वा, बघ बाई, हितं हुता बूट!" ते पाय आपटून म्हणाले. मग गर्दीकडे तोंड करून, मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले, "ही कसली पंच? हिला हिच्या नाकाखालची रेष दिसत न्हाय! कुणी दिली हिला शिट्टी?"

ते ओरडत होते गर्दीकडे, पण बघत होते माझ्या हातांकडे. हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मला फक्त राग आला. खरा, लालबुंद, दिराच्या वेळी आला होता तसा. इतकी वर्षं उन्हात धावून कमावलेली ती शिट्टी होती. कुणी दिली म्हणजे काय? ती वाजली. इतकी जोरात वाजली की झाडावरचे कावळे उडाले. एक तळवा आडवा झाला, दुसरा हात त्याला खालून लागला. टी.

टेबलावर गुण लिहिणाऱ्या बाईंनी पेन वर धरून विचारलं, "सरांना?"

"सरांना," मी म्हणाले. आवाज माझाच होता.

सर लगेच वळले. एसटी आल्यावर माणूस वादविवाद अर्धवट सोडून निघतो, तसे तरातरा बेंचकडे गेले आणि हाताची घडी घालून गप्प बसले.

शहराच्या संघाला एक फ्री थ्रो मिळाला. माझ्या चेल्याने आपली सगळ्यात शांत पोरगी पाठवली. तिने चेंडू दोनदा आपटला आणि टाकला. बसला. एक गुण. बरोबरी. बूट रेषेवर होता असं मी म्हटलं असतं तर जशी झाली असती, अगदी तशी. उरलेल्या सेकंदांत कुणाचंच काही झालं नाही. मग जादा पाच मिनिटं खेळवली. त्यात मी दोन्ही बाजूंना सारख्या खणखणीत शिट्ट्या वाजवल्या, आणि दुधनीच्या मुली एका बास्केटने हरल्या.

माझा चेला माझ्याजवळ आला, डोकं खाजवत. "मॅडम, मला खरंच कळंना. आमी जिंकलो न्हवं?" मी म्हटलं, "जिंकलास. पेढे आण." तो आनंदाने पळाला, पण मध्येच थांबून त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

दुधनीच्या पोरी पायऱ्यांवर सरांकडे पाठ करून बसल्या होत्या. कॅप्टन रडत होती आणि रडता रडता सरांबद्दल कानडीत बरंच काही बोलत होती. मला सगळं समजत होतं, सरांनाही. ते बेंचवर एकटेच पाणी पीत बसले होते. मी जाऊन शेजारी बसले.

"सर, तुमचा पहिला टेक्निकल."

"व्हय की."

"आणि पोरींचा विभाग गेला."

"गेला," सर म्हणाले. त्यांनी पायऱ्यांवरच्या पोरींकडे एकदा बघितलं. तोंड पुसून ते म्हणाले, "तुला दोन दिसलेले हुते. तुझ्या तोंडावरनंच कळलं मला. तू तर फिरवणार न्हाईस, मीच शिकवलंय. मग जास्तीचा एक गुण परत करायचा तर नियमात दुसरी वाट कुठली हाय, सांग बघू."

मी विचार केला. अख्खं नियमांचं पुस्तक डोक्यातून फिरवलं. दुसरी वाट नव्हती.

"पण किती येळ लावलास गं!" सर एकदम वैतागले. "उन्हात उभारून गुडघे गेले माझे. आणखी काय काय वरडायचं, तेबी सुचंना. दुसऱ्या कुणाला दिला असतास इतका येळ?"

"नाही सर."

"मग मला का दिलास?"

मला हसू येत होतं आणि रडूही. "भीती वाटते सर तुमची. लहानपणापासून."

"शिट्टी वाजवलीस तवा वाटली?"

मी आठवून बघितलं. "नाही. तेव्हा नाही वाटली."

"तवा मला तुझी वाटली," सर म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकत उठून रुसलेल्या पोरींची समजूत काढायला गेले.